पडद्यावर आग्रा, ओसरीवर पेडणे : कथा-चित्रपट उपक्रमाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने हे काम हाती घेतलं आहे. आपल्या उपखंडातली माणसं धर्मावरून, भाषेवरून, सरहद्दीवरून कशी दुभंगली यावरचे निवडक चित्रपट गावात दाखवायचे, आणि मग गावातल्या जुन्या माणसांना त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगायला बसवायचं. ते सगळं ध्वनिमुद्रित करून जपायचं. सांगण्यासारखं इथे पुष्कळ आहे. महाराष्ट्राला लागून असलेली पत्रादेवीची सरहद्द, १९५५नंतर भारताने केलेली गोव्याची नाकेबंदी, १९६१ची पोर्तुगीजांपासूनची मुक्ती, गोव्याने महाराष्ट्रात जायचं की नाही यावरचा १९६७चा जनमत कौल, १९८५ ते ८७मधलं कोकणी-मराठी भाषेचं आंदोलन. सांगणारे मात्र भराभर कमी होत आहेत. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, म्हणजे कौलाला मत दिलेला कुणीही आज अठ्ठ्याहत्तरच्या आतला नाही.

ही कल्पना बांगलादेशातून घेतली. तारेक आणि कॅथरीन मसूद यांनी १९७१च्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांमधून गाणी म्हणत फिरणाऱ्या पथकाचं जुनं चित्रण शोधून काढलं आणि त्यातून १९९५मध्ये ‘मुक्तिर गान’ हा माहितीपट केला. तो घेऊन ते गावोगाव गेले. पडदा लावला, चित्रपट संपला, की लोक उठून स्वतःच्या गावात काय घडलं ते सांगू लागायचे. त्या सांगण्याचाच पुढे १९९९मध्ये ‘मुक्तिर कथा’ हा वेगळा माहितीपट झाला. आम्हाला चित्रपट काढायचा नाही. पण पडदा बघून माणसं बोलती होतात हे तिथे घडलं, तर पेडण्यात का घडू नये?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा रोजचा व्यवसाय, त्यामुळे तांत्रिक बाजू माझ्याकडे आली. या नोंदी दुसऱ्या गावातल्या कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवत आहे.

१३ ऑक्टोबर

आठवडा परवानग्यांत गेला. हे आधी करा, पडद्याचं कापड नंतर विकत घ्या.

घरी बघण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा मोबाइलवरचं सबस्क्रिप्शन मंडपात लावता येत नाही. जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. त्याशिवाय चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. परदेशी चित्रपटाकडे ते नसेल तर केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. मोठ्या महोत्सवांना ती मिळते. पाचशे वर्गणीदारांच्या वाचनालयाने कुठून आणायची?

त्यामुळे यादी एकदम आखडली. बांगलादेशी आणि श्रीलंकेचा असे दोन चित्रपट गाळावे लागले. राहिला ‘गर्म हवा’. एम. एस. सथ्यू यांचा, फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका मुसलमान कुटुंबाचा. सेन्सॉरने हाही कित्येक महिने अडकवून ठेवला होता, आणि पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुटुंबप्रमुख सलीम मिर्झांचं काम करणारे बलराज साहनी चित्रपट लोकांपुढे यायच्या आधीच, एप्रिल १९७३मध्ये गेले.

हक्कधारकांना पत्र लिहिताना ‘मराठी सबटायटल घालू आणि गरज पडल्यास मराठीतून निवेदन करू’ हे एक वाक्य घालून ठेवलं होतं. पुढे त्याच वाक्याने आम्हाला तारलं. परवानगी लेखी आली.

देवस्थान समितीने मंडप द्यायला हरकत घेतली नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र विचारलं, “देवळाच्या मंडपात फाळणी कशाला?” वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्यांना घरी जाऊन पूर्ण चित्रपट दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खुर्च्यांची सोय केली. शंका घेणाऱ्याला आधी चित्रपट दाखवावा, नुसत्या समजुती घालू नयेत.

२७ ऑक्टोबर

सबटायटल. जवळजवळ अडीच तासांचा चित्रपट, संवाद उर्दू. हिंदीचे एक निवृत्त शिक्षक आणि मी असे दोघे रोज रात्री बसलो. सरांनी मराठी सांगायचं, मी टायपून वेळ जुळवायची.

पहिली अडचण देवनागरीची. भाड्याच्या प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह लावला तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दुसरा प्रोजेक्टर आणला, त्यात अक्षरं दिसली पण जोडाक्षरं फुटली. ‘मिर्झा’मधला रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी अक्षराच्या मागे. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरवर विसंबून चालत नाही. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात सेव्ह करून, मुक्त फॉन्ट वापरून, सबटायटल चित्रातच कायमची छापून टाकली. माझ्या लॅपटॉपला त्यासाठी अख्खी रात्र लागते. एक चूक दुरुस्त करायची तर पुन्हा अख्खी रात्र. म्हणून छापण्याआधी तिसऱ्याच माणसाकडून सगळं वाचून घ्या.

दुसरी अडचण लांबीची. उर्दूतलं एक अदबशीर वाक्य मराठीत दोन ओळी खातं. सरांना एकही शब्द सोडवत नव्हता. शेवटी एका ओळीत पस्तीसच्या वर अक्षरं नाहीत आणि एका वेळी दोनच ओळी, असं ठरवून घेतलं. सरांनी जड मनाने कात्री चालवली. त्यांचं दुःख मला कळत होतं, कारण गाळलेल्या शब्दांत त्या घराची रीत होती.

पांढऱ्या रंगाची अक्षरं पांढऱ्या कुर्त्यावर दिसत नाहीत. फिकट पिवळा रंग आणि काळी किनार ठेवली.

९ नोव्हेंबर

मंडपात चाचणी. दिवाळीत करायचा विचार होता, पण नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धेच्या ध्वनिक्षेपकांपुढे कुणाचं काही चालत नाही.

पडदा मांजरपाटाचा, शिवून घेतला. कापड आणि शिलाई मिळून २,१०० रुपये. एकेरी कापडातून उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं, म्हणून मागून काळं अस्तर लावलं. मंडपाबाहेरचा पंचायतीचा दिवा थेट पडद्यावर पडत होता. वायरमनदादांना सांगून तो त्या रात्रीपुरता बंद करून घेतला. प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनचा, भाडं रात्रीला १,८०० रुपये. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर धक्क्याने बंद पडू नये म्हणून मधे यूपीएस ठेवला. त्या रात्री दोनदा वीज गेली, म्हणजे खर्च वाया गेला नाही.

१६ नोव्हेंबर

पहिला प्रयोग. मंडप भरला. पण संध्याकाळ फसली.

चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, सबटायटल वेळेवर. तरी अर्ध्या तासातच मागच्या रांगा हलायला लागल्या. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या सत्तरीपुढच्या मंडळींना अक्षरं वाचता येत नव्हती. कुणाला मोतीबिंदू, कुणी चष्मा घरी ठेवून आलेला, आणि बऱ्याच आज्यांचा अक्षरांशी कधी संबंधच आलेला नाही. पोर्तुगीज अमदानीत या भागात मुलींना मराठी शाळा मिळाली ती कुणी पंतोजी गावात राहिला तरच. सबटायटलवर घालवलेल्या रात्री तरुणांच्या उपयोगी पडल्या, आणि तरुणांना तसंही हिंदी चित्रपटांमुळे बरंच कळत होतं.

संपल्यावर दिवे लावले आणि आमच्या कार्यकर्त्याने माइक घेऊन विचारलं, “चित्रपट बघून तुम्हाला काय वाटलं?” सगळे गप्प. “बरो आसा,” एवढं बोलून लोक चपला शोधू लागले. रेकॉर्डरमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज तेवढे आले.

जाताना एक आजी माझ्यापाशी थांबल्या. “बाये, ती म्हातारी लाकडांच्या आड जाऊन बसली ती कित्याक?” मी त्यांना सांगितलं. सलीम मिर्झांचा थोरला भाऊ पाकिस्तानात निघून गेला, घर त्याच्या नावावर, म्हणून सरकारने ते ताब्यात घेतलं. सगळ्यांना भाड्याच्या जागेत जायचं आहे, आणि ही त्यांची आई म्हणते मी नवरी होऊन ज्या घरात आले त्या घरातून बाहेर पडणार नाही, म्हणून लपून बसते. आजी ऐकत ऐकत तिथेच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, आमच्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, घर सोडायला सांगितलं तेव्हा माझी सासू अशीच चुलीपाशी बसून राहिली होती.

माझा रेकॉर्डर पिशवीत होता.

२१ नोव्हेंबर

समितीची बैठक. पणजीत कालपासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आहे. २००४पासून तो गोव्यात भरतो, जगभरचे चित्रपट आमच्यापासून तासाभरावर येतात, पण आमच्या आज्यांपर्यंत ते पोचत नाहीत. त्यांच्यापर्यंत चित्रपट न्यायचा तर तो कुणीतरी सांगितला पाहिजे, हे पायरीवरच्या त्या बोलण्यानंतर मला स्पष्ट दिसत होतं. मी सुचवलं की निवेदक म्हणून कीर्तनकार बुवांना विचारूया.

बुवा आमच्याच वाड्यावरचे. वय एकाहत्तर. आधी त्यांना पटेना. पूर्वरंग नाही, अभंग नाही, मी काय करू? पण चित्रपट लावून दिल्यावर ते हळूहळू पुढे सरकून बसले. दादी, म्हणजे ती म्हातारी आई, लाकडांच्या आड लपते तो प्रसंग आला तेव्हा म्हणाले, “थांबव. हे आख्यान आहे.”

३० नोव्हेंबर

तालमी घरातच, माजघरात. भिंतीवर चित्र, बुवा बाजूला पाटावर. तालमींत जमलेले नियम लिहून ठेवते, कारण कुठलंही गाव इथेच अडखळेल.

प्रत्येक संवादाचं मराठी करायचं नाही. पहिल्या तालमीत बुवा तेच करत होते आणि चित्रपटाच्या मागे धापा टाकत होते. प्रसंग सुरू होण्याआधी दोन वाक्यांत पुढचं सांगायचं आणि मग बाजूला व्हायचं. माणसं नुसती एकमेकांकडे बघत असतील तिथे बुवांनी तोंड उघडायचं नाही. कोण कुणाचा कोण हे मात्र पुन्हा पुन्हा सांगायचं. “हा थोरला भाऊ, घर याच्या नावावर” हे चारदा सांगितलं तरी चालतं, कीर्तनात नाही का आपण सांगत?

मूळ आवाज बंद करायचा नाही. मी प्रसंगांप्रमाणे आवाजाच्या पातळ्या आधीच बांधून फाइल बनवली. बुवा बोलणार तिथे मूळ आवाज तिसऱ्या हिश्श्यावर येतो, बाकी ठिकाणी पूर्ण. प्रयोगात हाताने कमी-जास्त करायला गेलं की उशीर होतो.

बुवांचा माइक आणि स्पीकर यांच्यात शिट्टी वाजत होती. बुवांना स्पीकरच्या मागे बसवलं, तीही गेली. कॉलरचा माइक त्यांच्या उपरण्याला घासून खरखरतो, त्यासाठी छोटा स्टँड लावला. ४०० रुपये.

सरांनी ज्या शब्दांवर कात्री चालवली होती ते बुवांच्या तोंडून परत आले. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

७ डिसेंबर

दुसरा प्रयोग, तोच चित्रपट. मंडप मागच्यापेक्षा निम्मा, तरी कुणी उठलं नाही.

पुढे दादी मरणाला टेकते आणि तिला तिच्या जुन्या हवेलीत उचलून नेतात. तिथे बुवा काही बोलायचे नव्हते. ते बोललेही नाहीत, फक्त झांज उचलून अगदी हलकी एकदा वाजवली. तालमीत हे नव्हतं. मंडपात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

यावेळी “काय वाटलं” हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं होतं. चित्रपट संपल्यावर बुवा पाटावरून उठलेच नाहीत. चहा तिथेच फिरवला. बुवांनी स्वतःचीच गोष्ट सुरू केली. नाकेबंदीच्या काळात त्यांची मावशी पलीकडे बांद्याला, आई अलीकडे, आणि मधे पत्रादेवीचं नाकं. आजोळी कुणी वारलं तरी निरोप कसा यायचा, ते सांगितलं आणि गप्प राहिले. मग शेजारच्या काकांनी सुरुवात केली.

त्या रात्री कळलं की या गावात नाकेबंदीत डच बटाटे आणि पाकिस्तानातून आलेला तांदूळ खाल्लेली माणसं अजून हयात आहेत. एका बाईंचे वडील कराचीत एका गोंयकार कुटुंबाकडे स्वयंपाकी होते. कराचीत गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. फाळणीनंतरही ते तिथेच राहिले, मनीऑर्डर यायच्या, मग त्या थांबल्या. “सलीम मिर्झांचा भाऊ कराचीला गेला म्हटल्यावर मला बाबाच दिसले,” असं त्या म्हणाल्या. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्याचे आवाज ऐकलेले एक आजोबा होते. तेव्हा ते गुरं राखायला गेले होते. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथे पडला, हे त्यांना नंतर, मोठेपणी कळलं.

ध्वनिमुद्रण अर्धंच वापरण्याजोगं आहे. मंडपाचे पंखे आणि रातकिडे. कान त्यांना विसरतो, माइक विसरत नाही. मंडपातलं सांगणं ही फक्त सुरुवात धरायची आणि आठवड्याच्या आत त्या माणसाच्या घरी जाऊन, दारं लावून, पंखा बंद करून पुन्हा सांगायला लावायचं. थोडा ताजेपणा जातो खरा, पण शब्द हाती राहतात.

१५ डिसेंबर

आज चित्रपटाविनाच चित्रपट.

श्रीलंकेचे प्रसन्ना वितानगे यांचा ‘पुरहंद कळुवर’ दाखवता येत नव्हता. बुवा म्हणाले, दाखवता येत नाही तर सांगतो. चित्रपटाची कथा आपल्या शब्दांत सांगायला कुणाची आडकाठी नसावी, असं आम्ही धरलं. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, दोन समया. खर्च चहाचा.

कथा एका आंधळ्या म्हाताऱ्या बापाची. कोरडवाहू भागातलं गाव, मुलगा सैन्यात, तमिळ बंडखोरांशी युद्ध चाललेलं. सरकारकडून सीलबंद पेटी येते आणि सांगतात, यात तुमचा मुलगा आहे, उघडायची नाही. बाप मानत नाही. भरपाईचे पैसे घ्यायला सही हवी, आणि सही केली तर मुलगा गेला हे कबूल करावं लागतं. घरात पैशांची नड आहे, धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं आहे, तरी तो अंगठा उठवत नाही. श्रीलंकेत २०००मध्ये सरकारने या चित्रपटाला बंदी केली. दिग्दर्शक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जिंकला.

बुवांनी पाऊण तास घेतला. म्हाताऱ्याची काठी जमिनीवर कशी चाचपत येते ते दाखवताना ते उठले, तेवढंच. पेटी खणून काढायचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी सांगणं तिथेच थांबवलं आणि पाणी मागितलं. पेटीत मुलगा नव्हता, हे पाणी प्यायल्यावर सांगितलं.

मग एक आजी बोलल्या. आमच्या समितीतल्या कुणीही त्यांना कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा दीर पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात रात्रीचा ओझं घेऊन पलीकडे गेला तो परतला नाही. धरला गेला, नदीत गेला, की मुंबईला पळाला, कुणालाच कळलं नाही. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं. सासूने पुतळा करू दिला नाही. “तो येतलो,” म्हणायची. दरवर्षी चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना त्याच्या नावाची एक सुपारी वेगळी बांधायची, आणि सासू गेल्यावर ती सुपारी या आजी बांधत आल्या. मुलांना कारण कधी सांगितलं नव्हतं. मुलगा मंडपात बसलेला होता, त्याने ते आज पहिल्यांदा ऐकलं.

हे घरी जाऊन पुन्हा ध्वनिमुद्रित करायला आजींनी होकार दिला, मुलगा शेजारी बसेल या अटीवर.

४ जानेवारी २०२५

पणजी. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला गेले होते. १८ तारखेला कौलाच्या गोष्टींची बैठक ठरली आहे. १६ला त्या कौलाच्या आठवणीचा सरकारी ‘अस्मिताय दीस’ असतो, त्या दिवशी मुद्दाम ठेवली नाही. ज्यांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूने, शिक्का मारला होता त्यांना त्या दिवशी बोलावणं मला योग्य वाटत नाही.

लोकांच्या आठवणी आणि छापलेलं यांत फरक पडतो. एका काकांच्या मते कौल चवथीनंतर लगेच झाला. तो झाला १६ जानेवारी १९६७ला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने त्याआधी डिसेंबरात राजीनामा दिला होता. विशेष म्हणजे विलीनीकरणाची बाजू लावून धरणारा ‘गोमन्तक’ मराठी, आणि त्याविरुद्ध रान उठवणारा ‘राष्ट्रमत’ही मराठीच. हे मी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम दाखवलं. मराठीवाले सगळे एका बाजूला होते असं त्यांना वाटायचं.

सांगणाऱ्याचं सांगणं तसंच ठेवायचं, खरी तारीख समोर वेगळ्या रकान्यात लिहायची, असं ठरवलं. काकांची चवथ मी दुरुस्त करणार नाही. त्यांच्या घरात तेव्हा जे झालं ते चवथीच्या आसपासच झालं असणार.

१८ जानेवारी

आजचा विषय घरातला, म्हणून सगळ्यांत अवघड. फाळणीवर सगळे हळहळतात, श्रीलंकेवर रडतात. आपल्या वाड्यावर कोण कुणाशी का बोलत नाही, त्यावर बोलायचं म्हटलं की पाय जड होतात.

पेडण्यात फुलाचाच जोर होता. त्यामुळे पानांवाल्या घरांतलं कुणी येणार नाही अशी भीती होती. बुवा स्वतः दोन घरी जाऊन आले. समोरासमोर खुर्च्या ठेवल्या तर सभा होते, म्हणून चटया टाकल्या आणि सगळ्यांना भिंतीला टेकून गोलात बसवलं. सुरुवातीला ‘गर्म हवा’मधले दोनच प्रसंग लावले, भाऊ निघतो तो आणि दादीचा.

सगळ्यांत सविस्तर बोलले ते एक माजी शिक्षक. त्यांची बहीण दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत दिलेली, मेव्हणे पानांच्या प्रचारात, हे इथे फुलाच्या. निकाल लागला त्या आठवड्यात मेव्हण्यांचं पत्र आलं, त्यात फक्त दोन सुकलेली आंब्याची पानं. “मी ते पत्र फाडलं. मग सात वर्षं बहीण चवथीला माहेरी आली नाही. तिने काय केलं होतं? तिला तर मतही विचारून द्यायला लावलं होतं.” समोर बसलेल्या पानांवाल्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, “आमच्या दारात त्या रात्री फुलांचा हार टाकून गेले होते, ते कोण?” कुणीच उत्तर दिलं नाही. मग शिक्षक म्हणाले, “आमचीच पोरं. मला माहीत होतं.” हे अठ्ठावन्न वर्षांनी.

भाषेच्या आंदोलनावर मात्र एकही जण बोलला नाही. ४ फेब्रुवारी १९८७ला कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झालं. त्या दिवसांत ज्यांची डोकी फुटली ते अजून पन्नाशी-साठीत आहेत, एकाच बसने म्हापशाला जातात. मी रेटलं नाही. रेटूनही काही निघालं नसतं.

२ फेब्रुवारी

संमतीचं काम. प्रत्येकाला त्याचं सांगणं वाचून दाखवलं, मग सही किंवा अंगठा. यात एक गोष्ट गळाली, आणि ती सगळ्यांत चांगली होती. मंडपात सगळ्यांदेखत सांगितली होती, पण सांगणाऱ्याच्या सुनेचं माहेर त्यात येतं. सुनेने हात जोडले. फाइल तिच्यासमोर पुसली, माझ्या लॅपटॉपवरचीही. आमच्या एका कार्यकर्त्याला हे फार लागलं. त्याला म्हटलं, लोकांनी विश्वासाने सांगितलं, तो विश्वास मोडून पुढच्या घराची पायरी चढता येणार नाही.

लिहून काढण्यावरून समितीत वाद झाला. लोक सांगतात कोकणीत, आमच्या पेडण्याच्या कोकणीत, वाचनालय मराठी. एका सदस्यांचं म्हणणं, सगळं मराठीत करून ठेवा. शेवटी सांगितलं तसंच देवनागरीत लिहायचं, आणि वर मराठीत चार ओळींची ओळख द्यायची, असं ठरलं. तासाभराचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला एक दिवस जातो, तोही बोली घरची असेल तर. हे काम पगारी माणसाकडून करून घेतलं तर परवडणार नाही, गावातल्या कॉलेजच्या मुलींनी वाटून घेतलं आहे.

आतापर्यंतचा खर्च साडेएकोणीस हजार. त्यात सगळ्यांत मोठा आकडा प्रोजेक्टरच्या भाड्याचा आणि जनरेटरच्या डिझेलचा. सबटायटलचा खर्च पैशांत शून्य, रात्रींत फार. पुन्हा सुरू करायचं असतं तर बुवांपासून सुरुवात केली असती आणि सबटायटल नंतर, तरुणांसाठी केली असती. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती केल्या आहेत. एक वाचनालयात, एक माझ्याकडे, आणि एक ज्याची त्याच्या घरी पेनड्राइव्हवर.

सरहद्दीपलीकडच्या एका गावाची मंडळी परवा येऊन गेली. त्यांना हाच प्रयोग चैत्रात करायचा आहे. पडदा, स्टँड आणि आवाज बांधलेली फाइल आम्ही देणार, हक्कधारकांची परवानगी त्यांनी वेगळी मागायची. बुवा रामनवमीपर्यंत मोकळे नाहीत, म्हणून निवेदन त्यांच्याकडचा दशावतारातला एक जुना नट करणार आहे. त्याची पहिली तालीम पुढच्या रविवारी आमच्या माजघरात, दुपारी तीनला.